अंजनाच्या रोपांवरून राहिलेलं भांडण

प्रज्ञा,

तुझ्या अंत्यविधीला मी दुसऱ्या रांगेत बसले होते. पहिल्या रांगेत तुझा भाऊ विशाल, त्याच्या एका बाजूला आपल्या प्रोफेसरबाई आणि दुसऱ्या बाजूला, त्याचा हात धरून, माझी मुलगी इरा. तिला तिथं कुणी बसवलं नव्हतं. ती दारातून आत शिरली, सरळ पुढं गेली आणि बसली. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. वाटलं, सरकेल, मला जागा करून देईल. तिनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. मग समीरनं माझा दंड धरून मला मागं नेऊन बसवलं. नवऱ्याला कळतात अशा गोष्टी, तो बोलत नाही एवढंच.

कायझर्सलाउटर्नच्या स्मशानभूमीतला तो छोटा हॉल भरून गेला होता. मागं माणसं भिंतीला टेकून उभी होती, अंगावरचे ओले कोटही न काढता. मी या गावात तुझ्या कितीतरी आधीपासून राहते, आणि त्यातली निम्मी माणसं मला ओळखतही नव्हती. तुझी शवपेटी समोर होती, तिच्यावर पांढरी फुलं होती, आणि मी काय विचार करत होते सांगू? माझ्या वेळी इतके लोक येतील का. हे तुला कळलं असतं तर तू मोठ्यानं हसली असतीस. त्या हॉलमध्ये मोठ्यानं हसायची हिंमतही तुझ्यातच होती.

बेकरीतली बाई बोलली. तुला पावाचा टोकाचा करपलेला तुकडा आवडायचा म्हणून ती तो रोज बाजूला काढून ठेवायची. मीही त्याच बेकरीत जाते, गं. असं काही मागता येतं हेच मला माहीत नव्हतं. तुझ्या खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ बोलले. रविवारच्या शांततेत तू खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होतीस म्हणून त्यांनी हाउसमाइस्टरकडं, इमारतीची देखभाल बघणाऱ्याकडं, तक्रार केली होती, आणि पुढच्या रविवारी तू तीच चटणी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिलीस. तिची शेवटची बरणी अजून त्यांच्या फ्रिजमध्ये आहे आणि ती संपवायला त्यांचा हात होत नाही, हे सांगताना ते रडायला लागले. मग विशालनं त्रिसरण-पंचशील म्हटलं, आणि एक अक्षर न कळणाऱ्या त्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मलाही बोलायचं होतं. नीट जर्मनमध्ये तयारी केली होती, एकही आर्टिकल चुकलं नसतं. माझं नाव घेतलं गेलं तेव्हा मी नुसती मान हलवली. तिथं नाही बोलले ते आता आपल्या भाषेत बोलते. तुझ्याशी. त्यांच्यासमोर नाही.

तू इथं आलीस ती माझ्यामुळं. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलेही नाही. कोरड्या, उजाड जमिनीवर झाडं पुन्हा कशी उभी करायची यावर आपल्या प्रयोगशाळेचं काम चालतं, आणि तेव्हा प्रोफेसरबाईंना आणखी एक माणूस हवा होता. अर्जांमध्ये धाराशिव जिल्ह्यातलं भूम दिसलं. मी बाईंना म्हटलं, हिला घ्या, असला माळ हिच्या घराच्या मागंच असणार. स्टेशनवर तुला घ्यायला मीच आले होते. तुझ्या अंगात कुणाचातरी उसना, गुडघ्याखाली येणारा कोट होता, आणि गाडीतून उतरताच तू मला 'अगं स्वाती' म्हणालीस. मी वयानं मोठी, कामात तर खूपच जुनी. निदान पहिला महिनाभर ताई म्हणशील असं मला वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आपलं भांडण सुरू झालं. ग्रीनहाऊसमध्ये मी तुला माझी रोपं दाखवत होते. अंजनाची रोपं, बुटकी, पिवळसर, जाड पानांची. बाभळीच्या मुळांवर गाठी येतात आणि ती हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, स्वतः धरते. अंजनाला ते जमत नाही, त्याला मातीतून मिळेल तेवढंच. म्हणून तर ते झाड आम्ही निवडलं होतं. माझ्या सगळ्या कामाचा पाया असा होता की माळावर लावायच्या आधी रोपाचं नत्र तोडायचं, पाणी कमी करायचं, त्याला हालांची सवय लावायची. रोप लहान, पानं थोडी, म्हणजे उन्हाळ्यात पाणी कमी उडतं आणि रोप तगतं. तू एक कुंडी उचललीस, फिरवून फिरवून पाहिलीस आणि विचारलंस,

"ह्याला उपाशी का ठेवलंय?"

मी समजावून सांगितलं. तू मान एका बाजूला करून ऐकलंस. मग म्हणालीस, "आमच्याकडं पाऊस गेला की ओल खाली पळती. रोपाला तिच्यामागं पळायचं असतं. पोटात काही नसलं तर ते पळणार कशाच्या जोरावर?"

"भरपूर खत घातलेलं रोप वर वाढतं, प्रज्ञा. खाली नाही."

"बघू की," तू म्हणालीस.

तुझं ते 'बघू की' मी पुढं किती वेळा ऐकलं. त्यात आव्हान नव्हतं, चेष्टा नव्हती. तू खरंच बघायला निघायचीस.

मला तुझा हेवा वाटायला त्याच दिवशी सुरुवात झाली असं म्हणणं सोपं आहे, पण तसं नव्हतं. तो हळूहळू वाटायला लागला. मी जर्मन शिकायला संध्याकाळचे वर्ग केले होते, परीक्षा दिल्या होत्या, आणि तरी दुकानात माझं बोलणं ऐकून समोरचा इंग्रजीत उत्तर द्यायचा. तू देर, दी, दास या आर्टिकलांची पार खिचडी करायचीस, मध्येच 'आल्झो' म्हणून दम घ्यायचीस, 'गेनाऊ', म्हणजे 'बरोबर', कुठंही ठोकून द्यायचीस, आणि लोक तुझ्याशी तासन् तास बोलायचे. आउसलेंडरबेहोर्डमध्ये, परदेशी लोकांच्या त्या कचेरीत, मी व्हिसाच्या कामाला गेले की कागद पुन्हा पुन्हा चाळत बसायची. तू गेलीस तर तिथली बाई तुला तिच्या बागेतले टोमॅटो का पिवळे पडतात ते विचारत बसायची. आणि तू तिला नत्र कधी द्यायचं, किती द्यायचं, सगळं सांगून यायचीस.

मग ती काचेच्या पेट्यांची सकाळ. मुळं वाढताना दिसावीत म्हणून आपण उभ्या, अरुंद पेट्यांमध्ये रोपं लावली होती, एका बाजूला काच आणि काचेवर काळं झाकण. निम्मी तुझ्या पद्धतीनं, रोपवाटिकेत असतानाच शेवटपर्यंत नत्र देऊन पोसलेली. निम्मी माझी, उपाशी. मग सगळ्यांचं पाणी बंद केलं. झाकण काढायच्या दिवशी प्रोफेसरबाईही आल्या. माझ्या रोपांची मुळं निम्म्यापर्यंत गेली होती, नेटकी, बारीक. तुझ्या रोपांची मुळं पेटीच्या तळाला टेकून वळली होती. तळाशी अजून ओल होती.

बाईंनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर त्यांनी कधी हात ठेवला नव्हता, आणि तोवर मला त्याची उणीवही भासली नव्हती. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, "पेटी आहे, स्वाती. माळ नाही. माळावर काय होतं ते अजून कुठं माहितीये." मला सावरून घेतलंस तू. हरवलं असतंस तर परवडलं असतं.

कार्ल्सरूहेच्या परिषदेतही तेच. बोलायला तुला बोलावलं होतं. मी तिसऱ्या की चौथ्या रांगेत, हातात कॉफी. तू सुरुवातच अशी केलीस की माझ्या सहकारी स्वातीला हे सगळं पटलेलं नाही, आणि तिची शंका ही या कामातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. मग माझी शंका तू माझ्यापेक्षा चांगली मांडलीस. नंतर लोक माझ्याभोवती जमले, ओळखी झाल्या, त्यातल्या एकानं पुढं मला कामही दिलं. परतीच्या गाडीत तू खिडकीला डोकं टेकून झोपलीस आणि मी तुझ्याकडं बघत बसले. माझ्याकडं तुझ्यासारखा मोठेपणा का नाही, असा विचार करत. तू झोपेतही हसल्यासारखी दिसायचीस, तेही मला खुपलं.

पण हे सगळं मी सहन केलं असतं, प्रज्ञा. इराचं मला सहन झालं नाही.

इरा जन्मली इथंच. तिला मराठी कळतं, सगळं कळतं, पण मी मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर देते. पुण्याहून माझे सासू-सासरे यायचे तेव्हा त्यांच्याशीही तेच. अहो आई, तिला समजतंय सगळं, असं म्हणून म्हणून मी थकले. गोष्टी वाचल्या, गाणी लावली, उन्हाळ्यात भारतात नेलं. काही उपयोग झाला नाही. आणि एका शनिवारी मी तिला तुझ्या घरून आणायला आले तर दाराबाहेर मला माझ्या मुलीचा आवाज ऐकू आला. "मावशी, काय करायलीस? भाकरी फुगली बघ की."

करायलीस. माझ्या घरात हा शब्द कुणी उच्चारलेला नव्हता. पुण्याच्या माझ्या आईला तो ऐकून चक्कर आली असती. माझी मुलगी मराठी बोलत होती, सलग, न अडखळता, मराठवाड्याचं मराठी, आणि मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मी घंटी वाजवली. इरानं दार उघडलं आणि मला बघून म्हणाली, "मामा, नोख फ्युन्फ मिनुटेन." आई, अजून पाच मिनिटं. जर्मनमध्ये.

मी तुला एकदा विचारलं, तू काय करतेस नेमकं? तू म्हणालीस, काहीच नाही, मला तिचं जर्मन कळत नाही म्हणून तिला बोलावं लागतं. ते खरं नव्हतं. तुला तिचं जर्मन चांगलं कळायचं. तू तिला तुझी गरज दाखवलीस आणि तिनं ती पुरी केली. मला तिची तशी गरज कधी लागली नाही, कारण मला सगळं येत होतं. घरी येताना बसमध्ये मी इराशी बोलले नाही. तिनं तिच्या मांडीवरच्या डब्यातली गार भाकरी काढून मला दिली, आणि मी ती खाल्ली, आणि ती फार चांगली झाली होती.

माळावरची लागवड तुझ्या गावाजवळच होती. बालाघाटच्या त्या उतारावर खाली जरा खोल माती, वर नुसता मुरूम आणि त्याच्याखाली खडक. विशाल तिथल्या शाळेत शिक्षक. सुट्टीच्या दिवशी तोच जाऊन रोपं बघायचा, फोटो पाठवायचा. खत फक्त रोपवाटिकेत द्यायचं, माळावर मुठभरही टाकायचं नाही, यावर आपलं दोघींचं एकमत होतं. तिथं टाकलं की गवत माजतं आणि रोपाच्या तोंडचं पाणी पिऊन टाकतं. एकमत असलेली आपली तेवढी एकच गोष्ट.

पहिल्या वर्षी पाऊस बरा झाला आणि तुझी रोपं सगळीकडं तरारली. दुसऱ्या वर्षी पावसानं मध्येच दडी मारली. उन्हाळा संपताना विशालचे फोटो आले. खालच्या खोल मातीत तुझी रोपं हिरवी होती, माझी बरीचशी वाळली होती. पण वर, मुरमात, तुझी गेली होती. मोठी पानं, भरपूर पोसलेलं अंग, आणि मुळाला खाली जायला जागाच नाही, खडक. तिथं माझी जगली होती. बुटकी, पिवळसर, चिवट.

मला किती आनंद झाला होता, तुला माहीत आहे? तू माझ्या चेहऱ्याकडं बघत होतीस, म्हणजे माहीत होतं. मी म्हटलं, हे लिहायलाच हवं, उथळ मातीत तुझं नत्र रोपांना मारतं. तू म्हणालीस, मात्रा चुकली असेल, नत्र नाही. थोडं कमी, थोडं आधी दिलं तर वरही जगतील. आणखी एक पावसाळा जाऊ दे. मी म्हटलं, तुला हरलेलं बघवत नाही. तू म्हणालीस, मला मेलेलं रोप बघवत नाही. हे तू रागावून म्हणालीस. एवढ्या वर्षांत तुला रागावलेलं मी तेव्हाच पाहिलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पहिल्यांदाच आपण एका उंचीवर उभ्या होतो.

ते भांडण तसंच राहिलं. पुढच्या ईस्टरनंतर तुझं पोट दुखायला लागलं. तू आधी चटणीला दोष दिलास, मग कँटीनच्या जेवणाला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी फार बोलायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तू मला सांगितलंस ते ग्रीनहाऊसमध्ये, रोपांना पाणी घालता घालता. मी नळ बंद केला. तू म्हणालीस, अगं, ती शेवटची ओळ राहिली ना. आणि पुन्हा सुरू केलास.

दवाखान्यात तुझ्या शेजारच्या खाटेवर एक जर्मन आजी होत्या. मी आले की त्या आपली पलंगाशेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढून द्यायच्या, पण बोलायच्या तुझ्याशी. नर्स तुझं नाव नीट म्हणायला शिकल्या होत्या, 'ज्ञ'सकट. माझ्या साध्या 'स्वाती'चं इथं कुणी अजून 'झ्वाती'च करतं. इरा शाळा सुटली की बसनं थेट तुझ्याकडं यायची. मी काम संपवून पोचेपर्यंत तुमचं सगळं बोलून झालेलं असायचं. मी आत आले की दोघी गप्प व्हायचात. काही लपवायचं म्हणून नाही. भाषा बदलायला तेवढा वेळ लागायचा.

एका दुपारी इरा आजींसाठी पाणी आणायला गेली होती. तू डोळे मिटूनच विचारलंस, "तुला माझा राग येतो ना?"

"नाही."

"खरं सांग की."

"राग नाही. हेवा वाटतो तुझा. पहिल्यापासून."

तू डोळे उघडलेस. इतकी बारीक झाली होतीस, तुझे डोळे तेवढे तसेच राहिले होते. तू स्वतःच्या हातांकडं पाहिलंस, सलाईनच्या नळीकडं पाहिलंस. "ह्याचा?" तू विचारलंस, आणि आपल्याला दोघींनाही हसू आलं. हसताना तुला दुखलं. मग तू म्हणालीस, "काय पाहिजे ते घे गं. मला आता कशाला लागतंय."

मला जे पाहिजे होतं ते पाण्याचा ग्लास घेऊन दारातून आत येत होतं. तू तिला जवळ बोलावलंस आणि तिच्यादेखत मला म्हणालीस, हिला एकदा भूमला घेऊन जा. माळ दाखव. मी हो म्हटलं. माझ्या मुलीला कुठं न्यायचं हे तू सांगणार आणि मी हो म्हणणार. शेवटच्या दिवसांतलं माणूस, त्याच्याशी भांडता येत नाही. तेवढ्या एका बाबतीत तू माझ्यावर कायमची मात करून ठेवलीस.

तू गेलीस त्या सकाळी इरा तुझ्याजवळ होती, शाळेला सुट्टी होती म्हणून. मी नव्हते. मी पार्किंगमध्ये जागा शोधत होते.

विशाल आला तो आमच्याकडंच राहिला. अस्थी भारतात न्यायच्या तर इथं किती कागद लागतात, ते त्याच्याबरोबर फिरताना मला कळलं. कचेऱ्यांमध्ये मी बोलत होते, तो माझ्या शेजारी हात बांधून बसून राहायचा. तू गेल्यापासून इरा मराठीतला एक शब्द बोलली नव्हती. विशाल आला त्या संध्याकाळी ती त्याच्यासमोर ताट ठेवून म्हणाली, "मामा, जेवून घ्या की." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. तुझ्यानंतर तरी ते माझ्याकडं येईल अशी आशा मला वाटली होती, प्रज्ञा. ते तुझ्या भावाकडं गेलं.

तो जायच्या आदल्या दिवशी आम्ही चहा पीत बसलो होतो. मी त्याला विचारलं, तुझी ताई माझ्याबद्दल काय बोलायची? तो म्हणाला, चांगलंच बोलायची. मी म्हटलं, चांगलं सोड. तिला कधी माझा हेवा वाटला का? माझं घर, नवरा, मुलगी, पक्की नोकरी, कशाचाही? विशालनं प्रामाणिकपणे विचार केला. शिक्षक आहे, प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून विचार करतो.

"नाही बा, स्वातीताई," तो म्हणाला. "तसं कधी ऐकलं नाही. फोनवर एकच असायचं तिचं. स्वातीला पटलं पाहिजे. बाकी कुणाला पटलं काय, न पटलं काय, स्वातीला पटलं पाहिजे."

मी कप उचलून सिंककडं गेले. मला दोन गोष्टी एकदम जाणवल्या. माझ्या मताला कुणी इतकी किंमत दिली होती, आणि ते कळायला मला तुझ्या भावाची वाट बघावी लागली. आणि माझा हेवा तुला एकदाही वाटला नव्हता. मी तुला रोज जोखत होते. तू मला फक्त पटवत होतीस. त्या चहाच्या कपासमोर मला तुझा जितका हेवा वाटला तितका त्या आधी कधी वाटला नव्हता.

गेल्या रविवारी सकाळी विशालचा फोन आला, चित्रासकट. तो माळावर उभा होता. पावसाळा नुकताच संपलेला, गवत कमरेपर्यंत, आभाळ धुतल्यासारखं. इरा माझ्या शेजारी येऊन सोफ्यावर बसली. विशालच्या हातात मातीचं छोटं मडकं होतं. बहुतेक अस्थींचं घरच्यांनी ठरवल्याप्रमाणं झालं होतं. थोड्या त्यानं माळासाठी ठेवल्या होत्या, रोपांच्या मुळाशी. त्यानं विचारलं, रोपाला चालेल ना, ताई? काही अपाय तर नाही?

मी त्याला जसं एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं सांगितलं. नुसती राख मुळाशी टाकायची नाही, क्षार फार असतात, मूळ भाजतं. खड्ड्यातल्या भरपूर मातीत कालवायची. चुना मिळेल झाडाला, स्फुरद मिळेल. त्यानं विचारलं, आणि नत्र? मी म्हटलं, नत्र नाही उरत, विशाल. नत्र जाळात उडून जातं.

त्यानं हातातल्या मडक्याकडं पाहिलं. मला वाटतं तुझं सगळं आयुष्य ज्याच्यामागं गेलं तेच तुझ्यात शिल्लक नाही, हे त्याच्याही मनात आलं असावं. मग त्यानं फोन फिरवला आणि मला उतार दाखवला. खाली तुझी झाडं. झाडंच म्हणायला हवं आता, विशालच्या डोक्याच्या वर गेली आहेत, पानांचे ते जोडजोड पंख वाऱ्यानं उलटे होऊन चमकत होते. मी इतकी देखणी अंजनं कुणाच्या लागवडीत पाहिली नाहीत. विशाल म्हणाला, इथंच करू ना, तिच्या झाडांपाशी? हे सगळ्यात उंच आहे बघा.

"नाही," मी म्हटलं. "वर चढ."

तो चढला. त्याचा श्वास ऐकू येत होता, बुटांखाली मुरूम वाजत होता. वर माझी रोपं होती, गुडघ्याएवढी, जेमतेम पानं धरलेली, आणि मध्ये मध्ये तुझ्या मेलेल्या रोपांचे खड्डे, गवतानं भरलेले. मी त्याला एका खड्ड्यापाशी थांबवलं. त्याच्या सगळ्या बाजूंनी माझी रोपं होती.

"इथं तर काही नाही, ताई," विशाल म्हणाला.

"इथंच. गवत काढ आधी. मग राख मातीत कालव, आणि पुढच्या पावसाळ्यात इथं नवीन रोप लाव. रोपवाटिकेत त्याला खत किती द्यायचं ते मी सांगते."

इरानं माझ्याकडं पाहिलं. विशालनं का म्हणून विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. खालची झाडं तुझी आहेत, गाव तुझं आहे, ती बेकरीतली बाई, ते म्हातारे गृहस्थ, प्रोफेसरबाई, सगळे तुझे. सगळ्यांनी तुला आपापल्या वाट्याचं नेलं. इथं तरी तू माझ्या रोपांमध्ये ये. इथल्या खडकावर आपलं अजून ठरलेलं नाही, आणि हा वाद मला दुसऱ्या कुणाशी घालायचा नाही.

विशालनं मडकं खाली ठेवलं, फोन एका दगडाला टेकवला आणि गवत उपटायला लागला. मी त्याला तू म्हणाली होतीस तीच मात्रा सांगितली. थोडी कमी, थोडी आधी.